खेळाडूंच्या यादीत नसलेली माणसे

पावसाने उघडीप दिली की आपल्या जिल्ह्यातील शाळाशाळांतून मैदाने साफ करण्याची लगबग सुरू होते. तालुक्याच्या क्रीडास्पर्धा, मग जिल्ह्याच्या, तेथून निवड होणाऱ्यांसाठी अमरावती विभागाच्या. आणि हे सत्र आटोपते न आटोपते तोच हिवाळ्यातील गावोगावचे कबड्डीचे प्रकाशझोतातील सामने, कुस्त्यांच्या दंगली आणि जत्रांतले शंकरपट. घाटावरच्या चिखली-मेहकरपासून घाटाखालच्या नांदुरा-मलकापूरपर्यंत पाचसहा महिने कोठे ना कोठे मैदान गजबजलेले असते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात विजयी संघाचे छायाचित्र येते. मधोमध उद्घाटक असतात, कडेला देणगीदार असतात. ज्याने पहाटे उठून मैदान आखले, ज्याने मंडपाच्या बल्ल्या रोवल्या, ज्याने रात्रभर दिव्यांची वायर सांभाळली, तो त्या छायाचित्रात नसतो. त्याने तेथे असावे असा कोणाचा आग्रहही नाही. तक्रार वेगळी आहे. तो माणूस छायाचित्रात नसतो तसाच हजेरीपटात नसतो, खर्चाच्या वहीत नावानिशी नसतो, विम्याच्या कागदात नसतो. आणि तो धडधाकट आहे तोवर ही गोष्ट कोणाच्या, खुद्द त्याच्याही, ध्यानात येत नाही.

प्रस्तुत लेखकाचे उमेदीचे आयुष्य याच मैदानांवर क्रीडाशिक्षक म्हणून गेले. म्हणून इतरांकडे बोट दाखविण्यापूर्वी स्वतःचाच एक कबुलीजबाब देणे प्राप्त आहे.

१९९४ सालची गोष्ट. घाटाखालच्या एका शाळेकडे तालुका स्पर्धांचे यजमानपद होते. आदल्या रात्री पावसाची एक सर येऊन गेली आणि आखलेले मैदान पुसले गेले. सकाळी नऊला उद्घाटन. मैदान आखण्यासाठी आणलेली फक्की भिजून तिचे गोळे झालेले. शाळेच्या रंगकामातून उरलेला चुना पोत्यात पडून होता, तो काढला. शाळेचे रोजंदारीवरचे शिपाई, ज्यांना आम्ही सर्व ‘मामा’ म्हणत असू, घमेले काखेत घेऊन मुठीने रेषा मारू लागले. वारा उलटा होता. खो-खोच्या मैदानाची एक बाजू राहिली असताना चुन्याची मूठ त्यांच्या डाव्या डोळ्यात गेली. त्यांनी नळावर जाऊन दोन ओंजळी पाणी मारले, धोतराच्या सोग्याने डोळा पुसला आणि परत आले. मी विचारले, तर म्हणाले, “पान्यानं धुतलं ना सर, होते बरं आपोआप.” मी त्यांना थांबविले नाही. पाहुण्यांची गाडी निघाल्याचा निरोप आला होता. दुपारपर्यंत डोळा सुजून मिटला. संध्याकाळी गावातल्या कंपाउंडरने थेंब घातले. तिसऱ्या दिवशी अकोल्याला नेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की बुबुळ भाजले आहे. त्या डोळ्याची दृष्टी पुन्हा आली नाही.

पुढे मदतीसाठी अर्ज करावयाचा ठरला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. त्या दिवशी मामा मैदानावर काम करीत होते असे दाखविणारा एकही कागद आमच्याजवळ नव्हता. स्पर्धेच्या जमाखर्चात ‘मैदान आखणी’ अशी एक ओळ आणि तिच्यापुढे एक रक्कम, एवढेच. त्या दिवशी धावलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, इयत्ता, जन्मतारीख आणि त्याने घेतलेला सेकंदाचा हिशेब आमच्या दप्तरी होता. मामांचे नाव नव्हते. शिक्षकांनी वर्गणी काढली. वर्गणी ही आपल्याकडे कर्तव्याची जागा घेणारी मोठी सोयीची वस्तू आहे.

चुन्याचे शास्त्र शाळेतल्या रसायनाच्या शिक्षकास ठाऊक होते, परंतु मैदान आखताना त्यांना कोण विचारणार? आम्ल डोळ्यात गेले तर बहुधा वरचा थर जाळून थबकते. चुन्यासारखा अल्कली पदार्थ मात्र आत आत झिरपत जातो. दोन ओंजळी पाण्याने काम भागत नाही. पापणी उघडी धरून निदान वीस मिनिटे पाण्याची धार डोळ्यावर सोडावी लागते, पापणीखाली अडकलेले कण काढावे लागतात आणि मग विनाविलंब डॉक्टर गाठावा लागतो. आखणीसाठी खडूची किंवा संगमरवराची भुकटी वापरली तर हा धोका पुष्कळच टळतो. वीस मिनिटांचे पाणी आणि चार रुपयांचा चष्मा! इतक्या स्वस्तात वाचण्यासारखा तो डोळा होता.

मैदानावरच्या कामगारांच्या इजा बहुतांशी अशाच असतात. त्यांत नाट्य नसते. खेळपट्टीचा रोलर ओढताना उतारावर तो पुढच्या माणसाच्या पायावर येतो. कबड्डीच्या मॅटची चळत ट्रकमधून उतरविताना कंबर धरते. लोखंडी पाइप उभा करताना तो वरच्या विजेच्या तारेस लागतो. रात्रीच्या सामन्यांसाठी बांबूवर चढविलेले दिवे, ओल्या जमिनीवरून फिरविलेली आणि जागोजागी चिकटपट्टीने जोडलेली वायर, तिच्यावरून अनवाणी वावरणारा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा: हे दृश्य न पाहिलेला वाचक आपल्या जिल्ह्यात क्वचितच सापडेल. विजेची गळती होताच क्षणार्धात प्रवाह तोडणारे यंत्र बाजारात सर्रास मिळते. मनुष्याच्या रक्षणासाठी ते तीस मिलिअँपिअरवर तुटणारे असावे लागते, एवढे वायरमनला माहीत असते. परंतु मंडप, दिवे आणि भोंगे यांचा ठेका ज्याने सर्वांत कमी दर भरला त्याला जातो आणि त्या कमी दरातून पहिली वजाबाकी या यंत्राचीच होते. २०२१ च्या मार्चमध्ये तेलंगणातील सूर्यापेट येथे राष्ट्रीय कुमार गटाच्या कबड्डी स्पर्धेच्या वेळी तात्पुरती उभारलेली प्रेक्षक-गॅलरी कोसळून शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. ती बातमी देशभर गेली, कारण वर प्रेक्षक बसलेले होते. उभारताना आणि उतरविताना अशीच एखादी चौकट निसटते तेव्हा खाली एकदोनच माणसे असतात.

शंकरपटाचे उदाहरण यादृष्टीने विचार करण्याजोगे आहे. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती करून नियम केले. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. या सगळ्या वादविवादाचा एक चांगला परिणाम असा की पटावर उतरणाऱ्या बैलाची पशुवैद्याकडून तपासणी झाली पाहिजे हे आता सर्वमान्य झाले आहे. मुक्या जनावराची काळजी घेतली जाते याचा आनंदच वाटावा. परंतु पटाच्या शेवटी उधळलेली जोडी अंगावर घेऊन थोपविणारी जी दोनचार माणसे उभी असतात, त्यांचे वय काय, त्यांना कोणी नेमले, शिंग लागले तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे प्रश्न मी पाहिलेल्या एकाही पटावर कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही.

येथे कोणी म्हणेल की मैदान म्हटले की थोडेफार लागणारच. खेळाडूलाही लागतेच की! हा युक्तिवाद मी अनेक शिक्षकबंधूंच्या तोंडून ऐकला आहे आणि एकेकाळी स्वतःही केला आहे. पण खेळाडू धोका पत्करतो तो त्या खेळासाठी, त्या खेळाचे शिक्षण घेऊन आणि त्या खेळाच्या नियमांच्या संरक्षणात. बाजूला उभ्या असलेल्या माणसाचे तसे नसते. त्याची पाठ बहुधा धोक्याकडे असते, कारण त्याचे काम दुसरीकडे असते.

केरळमधील पाला येथे ४ ऑक्टोबर २०१९ रोजी जे घडले ते प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक विद्यार्थ्याने नीट समजून घेतले पाहिजे. राज्याच्या कुमार गटाच्या मैदानी स्पर्धा चालू होत्या. भालाफेक आणि हातोडाफेक या दोन स्पर्धा शेजारीशेजारी, एकाच वेळी घेतल्या जात होत्या. अकरावीत शिकणारा सोळा वर्षांचा एक मुलगा स्वयंसेवक म्हणून भाले गोळा करून आणण्याच्या कामावर होता. तो भाला आणावयास आत गेला आणि शेजारच्या वर्तुळातून सुटलेला हातोडा त्याच्या डोक्यावर आदळला. २१ ऑक्टोबरला तो रुग्णालयात वारला. स्पर्धेच्या अधिकाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. हे घडले ते काही चुकून लागलेल्या चेंडूसारखे नव्हे. वेळापत्रक करणाऱ्याने दोन रकान्यांत एकच वेळ लिहिली तेव्हाच ते घडावयास आरंभ झाला होता. आणि वेळापत्रक दाटीवाटीचे का होते? जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या स्पर्धा ज्यांनी भरविल्या आहेत त्यांना उत्तर सांगावयास नको. मैदान एक, दिवस दोन, मुले चारशे, संध्याकाळी पाचला बक्षीस समारंभ.

आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, सप्टेंबर २०२३ मध्ये एका शाळेच्या मैदानावर सरावाच्या वेळी फेकलेला भाला लागून पंधरा वर्षांचा विद्यार्थी मृत्युमुखी पडला. पुढारलेल्या देशांतही हे घडते. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे ऑगस्ट २०१२ मध्ये अंतर मोजण्यासाठी पुढे गेलेल्या एका वयोवृद्ध पंचाच्या गळ्यात भाला घुसून त्यांचा अंत झाला. पुरुषांच्या भाल्याचे वजन आठशे ग्रॅम, म्हणजे एका मध्यम भोपळ्याइतके. तो हवेत असताना आवाज करीत नाही. फेकीचे साहित्य मैदानातून परत आणताना हातात धरून चालत आणावे, उलट फेकू नये, असा मैदानी खेळांचा स्पष्ट नियम आहे. आमच्याकडे गोळा आणि थाळी सर्रास उलट फेकली जाते. वेळ वाचतो म्हणून.

आता एक चांगले उदाहरण देतो, आणि ते आपल्याच बुलढाण्याचे आहे. गेल्या काही वर्षांत हे गाव धनुर्विद्येचे गाव म्हणून देशाला माहीत झाले. पोलीस दलातील मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमधील चेंगडू येथील जागतिक पोलीस व अग्निशमन दलांच्या क्रीडास्पर्धेत पदके मिळविली. प्रथमेश जावकर याने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत त्या वेळचा अव्वल धनुर्धर माइक श्लोसर याला एका गुणाने हरवून सुवर्णपदक पटकाविले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत अभिषेक वर्मा आणि ओजस देवतळे यांच्यासह सांघिक सुवर्णपदक आणले. जिल्ह्याने या मुलामुलींचा अभिमान बाळगावा हे ओघानेच आले. मला मात्र त्यांच्या नेमबाजीइतकीच त्यांच्या शिट्टीची थोरवी वाटते.

धनुर्विद्येत दोन शिट्ट्या झाल्या की धनुर्धारी रेषेवर येतात. एक शिट्टी झाली की बाण सुटू लागतात. तीन शिट्ट्या झाल्या की नेम थांबतो आणि त्यानंतरच माणसे लक्ष्याकडे चालू लागतात. लागोपाठ पाच किंवा अधिक शिट्ट्या म्हणजे संकट. हातातला बाणसुद्धा सोडावयाचा नाही. हा नियम प्रथमेश जावकरला लागू आहे तसाच बाण उपसण्यास जाणाऱ्या, गुण लिहिणाऱ्या आणि लक्ष्याची गवती गादी बदलणाऱ्या माणसालाही लागू आहे. रेषेच्या वीतभर पुढे पडलेला स्वतःचा बाण उचलावयाचा असला तरी नवशिका मुलगा तीन शिट्ट्यांची वाट पाहतो. बाण मारक आहे हे या खेळाने पहिल्या दिवशी मान्य केले आणि म्हणून मैदानावरच्या प्रत्येकाला एकाच नियमात घेतले. भाला मारक आहे, हातोडा मारक आहे, उधळलेली जोडी मारक आहे आणि उघडी वायर तर सर्वांत मारक आहे. परंतु तेथे थांबविण्याचा अधिकार असलेली शिट्टी कोणाच्या गळ्यात आहे? पंच खेळाडूची चूक झाली तर खेळ थांबवितो. मैदानात माणूस आहे म्हणून खेळ थांबविणे, हे आपले काम आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

पंच हाही अखेर कामावर आलेला माणूसच. ८ डिसेंबर २०१६ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत-इंग्लंड कसोटीत सीमेवरून आलेली फेक पंच पॉल रायफेल यांच्या डोक्यात लागली. त्यांना मैदान सोडावे लागले आणि त्यांच्या जागी दुसरे पंच आले. जागतिक मैदान असल्याने तेथे डॉक्टर होते, राखीव पंच होते, सारे काही होते. याच्या दोन वर्षे आधीची एक घटना मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावी. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज उसळता चेंडू लागून गेला आणि जगभर लोकांनी आपल्या दाराबाहेर बॅट टेकवून त्याला आदरांजली वाहिली. त्यानंतर दोनच दिवसांनी इस्रायलमधील अश्दोद येथे सामन्यात पंचगिरी करीत असलेले हिलेल आवासकर फलंदाजाच्या फटक्यावर यष्टींवर आदळून उसळलेला चेंडू लागून मरण पावले. ते त्या देशाच्या क्रिकेट संघाचे माजी कर्णधार होते. आडनावावरून वाचकांनी ओळखले असेलच: अलिबागजवळच्या आवास गावाचे नाव लावणारे हे बेने इस्रायली घराणे. ह्यूजच्या मृत्यूनंतर फलंदाजांच्या शिरस्त्राणाला मानेचे रक्षक आले. पंच मात्र बहुतेक ठिकाणी पूर्वीसारखाच सुती टोपी घालून, फलंदाजापासून बावीस यार्डांवर, उघडा उभा आहे.

उलटही घडू शकते, हे सांगितले पाहिजे. मोटारशर्यतींत २००० साली इटलीत आणि २००१ साली मेलबर्नला निखळून उडालेली चाके लागून मैदानावरचे दोन मदतनीस मेले. हे दोघेही चालक नव्हते. त्यानंतर चाके गाडीला जखडून ठेवणारे दोर अधिक मजबूत करण्यात आले. म्हणजे कडेच्या माणसाच्या मृत्यूमुळे खेळाचे यंत्र बदलले. शर्यतीची गंमत त्याने तसूभरही उणी झाली नाही.

आपल्या शासनाला या प्रश्नाची जाणीव नाही असे म्हणता येणार नाही. ती अर्धी आहे, इतकेच. ऑगस्ट २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्यात आला आणि गोविंदाचा थरावरून पडून मृत्यू झाल्यास दहा लाख रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. पुढे गोविंदांचा विमा उतरविण्यात येऊ लागला. शालेय विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी यांच्या नावाची अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. तिच्यातील मृत्यूसाठीची रक्कम २०२२ साली दीड लाखावर नेण्यात आली. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह. परंतु १६ ऑगस्ट २०२५ च्या दहीहंडीच्या दिवशी मुंबईत मानखुर्द येथे बत्तीस वर्षांच्या ज्या माणसाचा पडून मृत्यू झाला तो थरावर नव्हता. तो हंडीची दोरी बांधीत होता. खेळ सुरू होण्यापूर्वीच खेळाने त्याचा बळी घेतला. योजनांची भाषा ‘गोविंदा’, ‘विद्यार्थी’, ‘खेळाडू’ अशा नावांनी माणसे मोजते. दोरी बांधणाऱ्याला तसे नाव नाही.

कायद्याचे काय? कायदा आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ उदार आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने एक मोठे तत्त्व घालून दिले: कामावर असताना आणि कामामुळे इजा झाली तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही, आणि ठेकेदाराचा माणूस असला तरी ज्याच्या कामासाठी ठेका दिला तो मुख्य मालक हात झटकू शकत नाही. आरंभी त्या कायद्यातून ‘नैमित्तिक’ कामावरचे, मालकाच्या नेहमीच्या व्यवसायाबाहेरचे कामगार वगळलेले होते. जत्रेपुरता, सामन्यापुरता लावलेला माणूस नेमका त्या फटीतून खाली पडत असे. २००० सालच्या दुरुस्तीने ती फट बुजविली. पुढे हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली. तिच्यातील नुकसानभरपाईचे प्रकरण मुख्यतः जुन्याच पायावर उभे आहे.

आणि मैदानाशी थेट संबंध असलेला एक निवाडा तर प्रत्येक संयोजकाने वाचावा असा आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांसाठी जी मैदाने आणि पूल बांधले जात होते, तेथील मजुरांची स्थिती काही समाजशास्त्रज्ञांनी पाहिली आणि त्यांच्या अहवालाच्या आधारे एका नागरी हक्क संघटनेने न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिले. पत्रच याचिका मानले गेले. रोजचे किमान वेतन नऊ रुपये पंचवीस पैसे ठरलेले. ते मजुराच्या हातात पडण्याआधी मुकादम त्यातला रुपया कापून घेई. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या सप्टेंबरात निकाल दिला की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही घटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारीच होय, आणि ठेकेदारांमार्फत काम करून घेतले म्हणून सरकार आपल्या जबाबदारीतून सुटत नाही. अठ्ठावीस वर्षांनी त्याच दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर, २१ सप्टेंबर २०१० रोजी, नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल बांधता बांधता कोसळला आणि वीसहून अधिक मजूर जखमी झाले. वर्तमानपत्रांतून तेव्हा प्रश्न विचारला गेला तो असा: यामुळे स्पर्धा वेळेवर होतील ना?

मग अडते कोठे? दोन ठिकाणी. एक म्हणजे पुरावा. भरपाई मागणाऱ्याला ‘मी तेथे कामावर होतो’ एवढे तरी दाखवावे लागते, आणि आपल्या खर्चाच्या वहीत माणसे नसतात, कामे असतात: मैदान आखणी, मंडप, विद्युत रोषणाई, पाणी. दुसरे म्हणजे स्वयंसेवक. ज्याला मजुरी नाही तो कायद्याच्या दृष्टीने कामगार नाही. पालाच्या त्या मुलासारखा विद्यार्थी, सुटीच्या दिवशी पंचगिरीस आलेला शिक्षक, मंडळाचा कार्यकर्ता, हे सेवाभावाने येतात आणि त्यांच्या सेवाभावाची फेड आपण असुरक्षिततेने करतो. त्यांच्यासाठी संयोजकांनी स्पर्धेच्या दिवसांपुरता सामूहिक अपघात विमा उतरविणे हा मार्ग मोकळा आहे. चषकांच्या खर्चाशी तुलना केली तर तो खर्च डोळ्यात भरणारा नाही. निदान रोजंदारीवरच्या माणसाचे बँकेत खाते असेल तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा अर्ज त्याच्याकडून भरून घेता येतो. वर्षाला वीस रुपये; अपघाती मृत्यूला दोन लाख, एका डोळ्याची दृष्टी कायमची गेल्यास एक लाख. मामांच्या वेळी ही योजना नव्हती. तथापि संयोजकांनी हे वीस रुपये दाखवून स्वतःची जबाबदारी झटकू नये. औषधपाणी आणि बुडालेली मजुरी त्या योजनेत येत नाही.

शिक्षकांना आणि कारकून बंधूंना मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण स्पर्धेचे कागद तेच तयार करतात. वेळापत्रक शिक्षक करतो. दोन फेकी एकाच वेळी येऊ न देणे त्याच्या पेन्सिलीत आहे. परवानगीचा अर्ज कारकून लिहितो. त्याच्यासोबत कामावरच्या माणसांची नावनिशीवार यादी जोडणे त्याच्या टाचणीत आहे. मंडपाचा ठेका देताना गळतीचे यंत्र आणि शिडी धरणारा दुसरा माणूस यांची अट त्याच कागदावर घालता येते. आणि ‘माझ्या हातात भाला देण्याआधी समोर कोण आहे ते पाहा’ असे सांगणारा विद्यार्थी उद्धट नसतो.

मामांच्या प्रकरणानंतर सेवेतली जी वर्षे उरली त्यांत मी प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोनशे पानांची एक वही उघडीत असे. नाव, वडिलांचे नाव, वय, गाव, काम, मजुरी, कोणी आणले, आणि शेवटी सही किंवा अंगठा. सहकारी हसत. मंडपवाले कुरकुरत, कारण त्यात त्यांनी आणलेल्या पोरांची वयेही लिहावी लागत. त्या वहीचा खऱ्या अर्थाने उपयोग एकदाच झाला. रोलर ओढताना एका ठेकेदाराच्या माणसाचा पाय चिरडला. ठेकेदार म्हणाला, हा माझा माणूसच नव्हे. मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. त्या पानावर त्याच्याच हस्ताक्षरात त्या माणसाचे नाव होते. तो बराच वेळ ते पान पाहत राहिला, आणि मग त्याने दवाखान्याचे बिल मागितले.